बापाची सही

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला त्याच साली चिंधू पेंटरच्या घरी दुसरी पोरगी झाली. मोहटोल्यातल्या शहाण्यांनी त्याला तोंडावर सांगितलं, "जिल्हा अर्धा झाला आन तुहा वंश पुरा बुडाला, चिंधू." चिंधू हसला. पुढे त्यातल्याच दोन शहाण्यांच्या घरच्या लग्नाच्या भिंती त्यानं रंगवल्या. नवरदेवाच्या डोक्यावर गाढवाचे कान काढावेत असं त्याला फार वाटलं होतं म्हणे, पण धंद्याला जागला बिचारा. पोरीचं नाव ठेवलं प्रतिक्षा.

मोहटोला पवनीपासून चार कोसांवर. तिकडची एक रीत आहे. लग्नघराची रस्त्याकडची भिंत रंगवल्याशिवाय लग्न लागलंसं कुणाला वाटतच नाही. दोन बाजूंना दोन हत्ती, सोंडेत माळा, वर पोपट, मध्ये गणपती आणि त्याखाली हातभर अक्षरांत नवरीचं नि नवरदेवाचं नाव. पत्रिका हरवते, मांडव तिसऱ्या दिवशी सुटतो, भिंत मात्र वर्षानुवर्षं बोलत राहते. चिंधू स्वतः बुद्धवंदना म्हणणारा माणूस, पण त्याचा गणपती असा उतरायचा की म्हाताऱ्या बाया रंग सुकायच्या आत हात जोडून मोकळ्या व्हायच्या. बौद्धवस्तीतल्या लग्नाला तो पिंपळाची पानं काढी आणि वर 'मंगल परिणय' लिही. अक्षर तेच, वळण तेच.

त्याच्या स्वतःच्या भिंतीवरही अशी पानं होती. मोठी पोरगी करुणा, तिच्या लग्नाची. ती त्यानं जीव ओतून काढली होती, आणि ती भिंत त्यानं पुन्हा कधी रंगवली नाही. त्याचं कारण सांगायला नको वाटतं, पण सांगतो. करुणा सासरचा मार खाऊन तीनदा बापाच्या दारात आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा धानाच्या रोवणीचे दिवस होते, गाव सगळं चिखलात. चिंधूनं तिला एक रात्र ठेवून घेतलं आणि सकाळच्या पहिल्या बसमध्ये बसवून दिलं. "सहन कर जरासं, बाई. लोकं काय मनतील?" महिना भरायच्या आत नवऱ्याच्या थपडेनं तिचा एक कान गेला. मग मात्र ती बापाकडे आली नाही. सरळ जवाहरनगरला गेली. तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांत दोन घरचा स्वयंपाक धरला, खोली घेतली, नवऱ्याला सोडचिठ्ठी दिली. आईला, म्हणजे बायजाबाईला फोन करते, प्रतिक्षाशी तासतास बोलते. बापाशी एक शब्द नाही. तेव्हा प्रतिक्षा बारा वर्षांची होती, आणि बस सुटली तेव्हा ताईच्या पिशवीचा बंद तिनं खिडकीतून धरून ठेवला होता. हे ती अजून सांगते, आणि सांगताना अजून चिडते.

प्रतिक्षा बारावी झाली त्या सुमारास चिंधूचा हात कापू लागला. रेघ सरळ येईना. गणपतीची सोंड दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढताना तो शिडीवरच रडायला लागला. पोरगी खाली डबा धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, उतरा खाली." तो उतरला, ती चढली. झालं! गावाला चघळायला विषय मिळाला. पोरगी शिडीवर चढते! पंजाबी ड्रेसवर! कौशल्याबाई नावाच्या एका बाईनं तर स्पष्ट विचारलं, "काहून वो, तुह्या बापाले लाज नाही वाटत का?" प्रतिक्षानं वरूनच उत्तर दिलं, "वाटते ना काकू. मनून तं तो खाली बसला." पण गेरूत बुडवलेलं सूत ताणून टिचकी मारली की तिची रेघ जी उमटायची, ती बापाच्यापेक्षा सरळ. हळूहळू लोक नावं ठेवायचे थांबले आणि सुपारी द्यायला लागले. लोकांचं असंच असतं.

तिची जोडीदारीण हर्षा. पवनीच्या कॉलेजात बी.ए. करणारी, आई अंगणवाडीत, आणि तोंड असं की समोरचा दोन पावलं मागे सरकावा. तालुक्याच्या कुठल्याशा शिबिरात ती घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा शिकून आली होती आणि तो कुणाला सांगू नि कुणाला नको असं तिला झालं होतं. दोघींनी मिळून शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'अत्याचार सहन करू नका' अशी चित्रं काढली. चांगली काढली होती. एका कुत्र्याखेरीज कुणी त्या भिंतीपाशी थांबलं नाही.

"सरकारी भित कोनी वाचत नाही," हर्षा म्हणाली. "लग्नाची भित सारा गाव वाचते."

त्या वाक्यातून पुढचं सगळं निघालं. ठरलं असं की नवरीच्या घरची भिंत रंगवताना नावांच्या खाली एक ओळ लिहायची: 'पोरी, हे घर तुझं होतं, आहे आणि राहील. कधीही ये.' आणि खाली नवरीच्या बापानं, हळदीच्या दिवशी, पाहुण्यांदेखत, स्वतःच्या हातानं ब्रश धरून सही करायची. सहीची जागा प्रतिक्षा कोरी सोडी. ज्याला ही ओळ नको, त्याची भिंत तिनं घ्यायची नाही. इतकी साधी अट.

पहिली भिंत कवडूची. मजुरी करणारा माणूस, सही येत नव्हती. त्यानं लाल रंगात अंगठा बुडवून भिंतीवर टेकवला आणि तो तिथंच पोरीच्या गळ्यात पडून असा रडला की हळद लावणाऱ्या बायाही रडल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला. तो लाखनीपर्यंत फिरला. पुढच्या हंगामात बाप लोक आपणहून विचारायला लागले, "पेंटरीनबाई, ते सहीवालं करता ना?" डीजे, फटाके, सहीवालं. पोरी खूश. दोघींना वाटलं, गाव बदललं. अहो, गाव इतक्या स्वस्तात बदलत असतं तर काय हवं होतं!

गुड्डीचं लग्न त्याच लाटेतलं. गुड्डी ही टेकचंदची एकुलती एक, आणि मघाशी सांगितली ती कौशल्याबाई तिची आई. टेकचंद धानाचा बरा शेतकरी, गावात शब्दाला वजन. गुड्डी नि प्रतिक्षा दहावीपर्यंत एका बाकावर. गुड्डी कमी बोलायची, गणितं मात्र दोघींची सोडवायची. लग्नाच्या भिंतीसाठी प्रतिक्षानं तिच्या हत्तींना काजळ घातलं होतं. टेकचंदनं फेटा सावरत ब्रश घेतला आणि वीतभर लांब सही ठोकली, खाली दोन टिंबं आणि झपकन एक रेघ. टाळ्या पडल्या. नवरदेव कैलाश, लाखनीला हायवेवर टायरचं दुकान, ट्रकवाल्यांची रांग, हातात पैसा. सगळं चांगलं होतं. म्हणजे चांगलं दिसत होतं.

दीड वर्षानं, दिवाळीच्या आठ दिवस आधी गुड्डी एका पिशवीनिशी बसमधून उतरली. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिनं पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं. हातपंपावर प्रतिक्षानं तिला पाणी भरताना पाहिलं, बाही वर सरकली, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचं काळंनिळं दिसलं. प्रतिक्षा काही बोलायच्या आत गुड्डीनं बाही ओढली. "टायर काढाची पट्टी असते ना लोखंडाची," ती म्हणाली, जणू गणितातली एखादी पायरी सांगावी. "तिनं मारते."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. प्रतिक्षाबरोबर असलेली हर्षा तिथल्या तिथं फोन काढून महिला हेल्पलाइनला लावायला निघाली. गुड्डीनं तिचा हात धरला. "नको लावू. बाबा मंग मले घरातबी घेनार नाही. त्यायले थोडा वेळ दे."

टेकचंदनं वेळ घेतला आणि निर्णयही घेतला. दिवाळी झाली की त्या भागात गावोगाव मंडई भरते. एकेका गावाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी घराघरात सोयरे उतरतात, जावयाला मान असतो, दुपारी दंडारीचं लोकनाट्य रंगतं, आणि माहेरी आलेल्या लेकी मंडई झाली की नवऱ्याबरोबर परत जातात. टेकचंदनं कैलाशला मंडईचं आवतण धाडलं. आला की जेवू घालायचं, समजावून सांगायचं आणि त्याच गाडीवर पोरगी पाठवून द्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुड्डीला सांगितलं, "पिशवी भरून ठेव." तिनं भरून ठेवली.

मंडईला पाच दिवस उरले असताना प्रतिक्षा नि हर्षा टेकचंदच्या घरावरून जात होत्या. हत्ती जागेवर होते. पोपट होते. गुड्डी नि कैलाशची नावं होती. फक्त खालच्या ओळीवर, तेवढ्याच लांबीचा, चुन्याचा जाड पांढरा पट्टा होता. सहीसकट सगळं झाकलेलं. प्रतिक्षा रस्त्यात उभी राहिली.  खिडकीतून धरलेला पिशवीचा बंद तिला हातात जाणवला.

"पाहालं?" हर्षा दात खात म्हणाली. "आता आपनच लिवू. दुप्पट मोठं."

इथं चूक झाली. ती चूक पेंटरच करू शकतो, दुसऱ्या कुणाला ती जमणारच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला दोघी रंग घेऊन गेल्या आणि चुन्यावर ती ओळ पुन्हा लिहिली. दुप्पट मोठी. आणि हर्षाच्या फोनमधल्या लग्नाच्या फोटोवरून प्रतिक्षानं टेकचंदची सही काढली. दोन टिंबं, झपकन रेघ. हुबेहूब. काढताना तिला स्वतःच्या हाताचा अभिमानसुद्धा वाटला, हे ती प्रामाणिकपणे कबूल करते.

सकाळी दूध घालायला जाणारे थांबले. "वाह काकाजी, पुन्हा सही केली? मोठं मन हाय तुमचं!" टेकचंद तोंड धुता धुता बाहेर आला. त्यानं भिंत पाहिली. "मी नाही केली!" तो ओरडला. लोक हसले. "तुमचीच तं हाय! ते पाहा टिंबं." आता सांगा, स्वतःची सही स्वतःची नाही हे माणसानं पटवायचं कसं? दहा वेळा सांगून तो घामाघूम झाला, आणि मग त्याला कळलं की अशी सही करणारा हात गावात एकच आहे.

निवडणूक सोडली तर टेकचंद बौद्धवस्तीत कधी पाऊल टाकत नसे. त्या दिवशी तो तरातरा आला आणि चिंधूच्या अंगणात उभा राहून गरजला. "माह्या भितीवर माह्या नावानं लिवनारी तू कोन वो? तुमच्या वस्तीतल्या पोरी आता आमाले शिकवनार? पोरगी माही हाय. मंडईले ती जाईनच. अन तुह्यामुळं तं जाईनच जाईन!"

प्रतिक्षाला एवढंच कळलं की एका गोष्टीत तो खरा होता. सही त्याची नव्हती. ती खोटी होती.

दुपारी गुड्डी तलावाच्या पाळीवर दोघींना भेटली. प्रतिक्षानं तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुमी भिती रंगवून घरी जाता. भितीच्या मांगं मले राहा लागते. बाबा मनते, तूच लिवाले लावलं. सकाळपासून माह्याशी बोलले नाही. मायनं चूल पेटवली नाही. मले विचारलं होतं का तुमी?"   करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

त्या रात्री प्रतिक्षा जेवली नाही. सकाळी उठली, तारेचा ब्रश आणि टर्पेंटाइन घेतलं आणि भर उजेडात टेकचंदच्या घरी गेली. टेकचंद ओट्यावर बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकाजी, सही मी केली. खोटी केली. माही चुकी झाली. मी पुसून देतो." आणि घासायला बसली. अक्षर रंगवायला लागतो त्याच्या चौपट वेळ ते काढायला लागतो. चुना, रंग, सगळा राडा हातावर उतरत होता. लोक जमले. कुणी हसलं, कुणी टेकचंदकडे बघितलं. तिला रडू येत होतं आणि ती ते नाकानं आत ओढत होती.

तेवढ्यात मागून एक हात आला आणि त्यानं तिच्या हातातला ब्रश घेतला. तो हात कापत होता. चिंधू. तो मोहटोल्याच्या त्या बाजूला दोन वर्षांत आला नव्हता. त्यानं घासायला सुरुवात केली. ब्रश दर खेपेला भलतीकडे जाई.

"टेकचंदभाऊ," भिंतीकडे तोंड ठेवूनच तो म्हणाला, "माही मोठी तीनदा आली होती. मी तिले बसमंधी बसवून देलं. तिकीटबी मीच काढलं. कान गेला तिचा. बारा वर्सं झाले, माह्याशी बोलत नाही. मेलो तरी येईन का नाही, मले मालूम नाही. तुमी मले लई चांगला पेंटर मनता ना? मी तिचं नाव भितीवर काढलं आन तिले भायेर काढलं."

  टेकचंद ओट्यावरून उठला. "तुमच्या घरचं येगळं, चिंधू," एवढंच म्हणाला आणि आत गेला. दार लावलं.

म्हणजे काहीच झालं नाही. बापलेक रंगाचे डबे घेऊन घरी आले. प्रतिक्षानं चिंधूला पहिल्यांदा चहा करून दिला, म्हणजे ताईला बसमध्ये बसवल्यानंतर पहिल्यांदा मनापासून. त्याच्या पेल्यातला चहा सांडत होता, तिनं पेला धरला.

मंडईच्या आदल्या संध्याकाळी गुड्डी आली. त्यांच्या घरी, वस्तीत, एकटी. बायजाबाईनं पाट टाकला, ती बसली नाही. "तुले खोटी सही येते," ती प्रतिक्षाला म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण आणखीही काही होतं. "बापाची सही पायजे, बापाची सही पायजे, असं लावलं तुमी. इतक्या भिती रंगवल्या. एका तरी पोरीले मनलं का, बाई, तू सही कर?"

प्रतिक्षाला हे कधीच सुचलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि लाजेबरोबर छातीत काही तरी मोकळं झालं. तिनं निळ्या रंगाचा डबा आणि नवा ब्रश आणून गुड्डीच्या हातात ठेवला. "मी येऊ का?" तिनं विचारलं. या वेळी विचारलं.

"ये," गुड्डी म्हणाली. "पन हात लावू नको."

मंडईच्या दिवशी मोहटोला ओळखू येत नाही. रस्त्यावर उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, फुगे, आकाशपाळणा, आणि घराघरातून वड्यांचा नि कोंबडीच्या रश्श्याचा वास. टेकचंदच्या अंगणात पंगत बसायची तयारी होती, सोयरे खुर्च्यांवर. अकराच्या सुमारास कैलाशची मोटरसायकल आली. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा, चेहऱ्यावर हसू. माणूस दिसायला चांगला होता, हे सांगायलाच हवं, कारण असे लोक कपाळावर शिंगं लावून फिरत नाहीत. त्यानं सासऱ्याच्या पाया पडून नमस्कार केला. कौशल्याबाईनं पाणी दिलं. दाराशी गुड्डीची पिशवी भरलेली होती.

गुड्डी आतून आली. पिशवी ओलांडून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, भिंतीपुढे. अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं तिनं. हात सगळ्यांना दिसत होता, काळानिळा होता तो आता पिवळा पडत चालला होता. प्रतिक्षा नि हर्षा रस्त्यापलीकडे, पानठेल्याला टेकून उभ्या. प्रतिक्षाचे हात शिवशिवत होते, तिनं ते पाठीमागे बांधून घेतले.

गुड्डीनं ब्रश बुडवला. तिला ब्रशनं लिहायची सवय नव्हती. ओळ वर चढली, मग खाली उतरली, रंग ओघळला. सगळा रस्ता थांबून वाचत होता. तिनं लिहिलं: 'मी वापस जाऊन नाही राहिली.' आणि खाली, गणिताच्या वहीवर लिहायची तसं पूर्ण: 'गुड्डी टेकचंद.'

"हे काय नाटक हाय?" कैलाश हसत सासऱ्याकडे वळला. "मामाजी, चुना असन ना घरी? पुसून टाका. लोकं पाहून राहिले."

लोक खरंच पाहत होते. अंगणातले सोयरे, रस्त्यावरचे अनोळखी, दंडारीला निघालेली पोरं. टेकचंदच्या तोंडावरचा रंग उडाला होता. ज्या लोकांच्या भीतीनं त्यानं ओळ झाकली होती, ते सगळे आता समोर हजर होते, एकही बाकी नव्हता. तो पोरीच्या हाताकडे बघत होता. पंधरा दिवस ती त्याच्याच घरात होती आणि बाहीआडचा हात त्यानं पाहिला नव्हता. पाहिला नव्हता की पाहायचा नव्हता, ते त्याचं त्याला ठाऊक.

"कायनं मारलं?" त्यानं पोरीला विचारलं.

"टायरच्या पट्टीनं," गुड्डी म्हणाली.

  टेकचंद कैलाशकडे वळला, आणि त्याचा आवाज फाटला होता तरी शब्द नीट होते. "जवाईबापू, मंडईच्या दिवशी माह्या दारातून कोनी उपाशी जात नाही. बसा. जेवा. आन जेवून एकले जा."

"मामाजी—"

"बसा मनलं ना!"

आणि खरं सांगतो, तो बसला. काय करणार? पन्नास माणसं बघत होती. कौशल्याबाईनं त्याला वाढलं. वाढताना तिचे ओठ इतके घट्ट मिटलेले होते की बायांना वाटलं ही आता ताट डोक्यावर घालते. त्यानं दीड वडा खाल्ला, हात धुतला, पेढ्यांचा डबा तसाच ठेवून गाडीला लाथ मारली. वेस ओलांडेपर्यंत गाडीचा आवाज येत होता. कुणी हसलं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "बरं झालं, माय."

पण हे अंगणातलं झालं. टेकचंदला ओळखणाऱ्यांना माहीत होतं की खरी गोष्ट अजून बाकी आहे. अंगणात माणूस एक वेळ तेजात येऊन बोलतो. मंडईत फिरणं वेगळं. तिथं दहा गावचे सोयरे असतात, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. घरात पोरीला बसवून ठेवलं, तर दोन दिवसांत शब्द फिरतो, मध्यस्थ येतात, पिशवी पुन्हा भरली जाते. प्रतिक्षाला ते माहीत होतं. म्हणून दुपारी दंडारीच्या ढोलकीवर थाप पडली तरी तिचं लक्ष मांडवाकडे नव्हतं. ती आणि हर्षा शिंगाड्यांच्या ढिगापाशी उभ्या राहून टेकचंदच्या घराच्या वळणाकडे बघत होत्या. "येत नाही तो," हर्षा म्हणाली. "दार लावून बसला असन."

अर्ध्या तासानं ते वळणावर दिसले. टेकचंद पुढे, फेटा बांधलेला. त्याच्या बाजूला, मागे नाही, गुड्डी. तेच अर्ध्या बाह्यांचं ब्लाउज. तिनं प्रतिक्षाला पाहिलं, जवळ आली, ढिगातला एक शिंगाडा उचलून सोलला. "सोमवारी भंडाऱ्याले जाच हाय," ती हर्षाला म्हणाली. "तो तुहा कायदा सांगनारा साहेब का बाई, कोन हाय ते दाखव मले. बाबा संग येतो मनते."  प्रतिक्षा शिंगाडेवाल्याला पैसे द्यायच्या निमित्तानं तोंड फिरवून उभी राहिली, कारण डोळे भरून आले होते.

तेवढ्यात पवनीकडचा एक सोयरा पान चघळत समोर आला. लग्नात मोठ्यांदा टाळ्या वाजवणाऱ्यांतला एक. त्यानं टेकचंदला रामराम घातला, गुड्डीकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आजूबाजूला मान वळवून शोधल्यासारखं केलं आणि तो प्रश्न विचारला. "का गा टेकचंद, पोरगी एकलीच? जवाई नाही आले का मंडईले?"

शेजारचे चारपाच जण बोलायचे थांबले. टेकचंदनं फेटा सावरला.

"आले होते," तो म्हणाला. "जेवले, गेले. पोरगी घरी हाय." आणि गुड्डीला म्हणाला, "चाल वो, दंडारीची समोरची जागा भरून जाईन."